पुस्तकांच्या पेटीपासून हातातल्या फोनपर्यंत

(मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी पत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘डिजिटल साक्षरता आणि समाज’ असे छापले आहे. नाव भारदस्त आहे. मी ते साध्या शब्दांत सांगतो. आपल्या प्रतापनगर भागात ज्यांना फोनवरची रोजची कामे स्वतःच्या हाताने करता येत नाहीत, त्यांना ती करता यावीत म्हणून आपण मंडळ या नात्याने काय करू शकतो, एवढेच मला आज बोलायचे आहे.

फोन नाही असे घर आता शोधावे लागेल. पण घरात फोन असणे वेगळे आणि तो आपल्या कामाला येणे वेगळे. वीजबिल, गॅसचा बाटला, बँकेचे पासबुक, दवाखान्याची वेळ, रेल्वेचे तिकीट, नातवंडांच्या शाळेची फी, इतकेच काय, नवरात्रातल्या गरब्याचे पास, या सगळ्याची वाट हळूहळू फोनमधून जाऊ लागली आहे. १ जुलै २०२५ पासून तत्काळचे तिकीट ऑनलाइन काढायचे तर आधारशी जोडलेले खातेच लागते. ज्याने उभे आयुष्य रेल्वेत काढले, त्याला स्वतःचे तिकीट काढायला शेजारच्या मुलाची वाट पाहावी लागावी, हे आपल्या भागात अनेकदा दिसते.

अडलेली माणसे मला तीन प्रकारची दिसतात.

पहिली म्हणजे मुले बाहेरगावी असलेली ज्येष्ठ मंडळी. मुलगा पुण्याला, मुलगी टोरांटोला. वडिलांचे बँकेचे काम मुलगी तिकडून करते, पण ओटीपी येतो वडिलांच्या फोनवर. तो काही मिनिटांत शिळा होतो. आपल्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा टोरांटोत मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असते. मुले प्रेमाने करतात, यात शंका नाही. तरीही प्रत्येक वेळी विचारावे लागते, आणि विचारता विचारता माणूस विचारायचे सोडून देतो. मग काम राहूनच जाते.

दुसऱ्या म्हणजे अशा भगिनी, ज्यांच्या घरातले सगळे व्यवहार यजमान पाहत होते. यजमान गेले, आणि त्यांचा फोन उघडण्याचा आकडा कोणालाच ठाऊक नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, बँकेचे वारसनोंदीचे काम, विम्याचा दावा, सगळे एकदम अंगावर येते. दुःखाच्या दिवसांत शिकायला कोणाला उसंत असते? म्हणून हे शिक्षण आधीच व्हायला हवे.

तिसरी माणसे आपल्या घरात आणि दारात रोज येतात. घरकामाच्या मावशी, रिक्षावाले काका, शेव-उसळीची किंवा भाजीची लारी लावणारे भाई. पैसे घेण्यासाठी त्यांनी क्यूआर कोड लावलेला असतो, पण रेशनकार्डाचे ई-केवायसी, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारवरचा बदललेला पत्ता, यासाठी त्यांना कोणाला तरी पैसे द्यावे लागतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

यावर सरकारी योजना नाहीत असे नाही. २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झाले. वीस तासांचा अभ्यासक्रम आणि सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या एकेका माणसाला शिकवायचे, असा संकल्प होता. २०२४ च्या मार्चअखेर ते संपले, तोवर सहा कोटींहून अधिक लोकांनी प्रशिक्षण घेतले. काम मोठेच झाले. पण त्याची अट पाहा. ते ग्रामीण भागासाठी होते, आणि वय चौदा ते साठ. म्हणजे प्रतापनगरसारख्या शहरी वस्तीतला, पासष्ट वर्षांचा निवृत्त माणूस दोन्ही अटींवर बाहेर. ही फट कोणी भरायची? माझे उत्तर असे आहे की, ती आपणच भरायची, आणि बडोद्याला हे काम नवीन नाही.

थोडे मागे जाऊ या. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याच्या पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती पुस्तकच पडले नाही, तर चार-पाच वर्षांत तो अक्षरे विसरतो. म्हणजे शिक्षणावरचा खर्च पाण्यात. साक्षरता ही एकदा टोचून घ्यायची लस नव्हे. ती रोजच्या वापराने टिकते. म्हणून शाळेच्या पाठोपाठ वाचनालय हवे, हे महाराजांनी ओळखले.

१९१० साली त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्यास आणले. मांडवीजवळचे आपले मध्यवर्ती ग्रंथालय आणि संस्थानभरातल्या वाचनालयांचे जाळे त्या काळात उभे राहिले. १९११ मध्ये बोर्डन यांनी येथे ग्रंथपालनाचा वर्ग चालवला. म्हणजे पुस्तके वाटण्याबरोबर माणसेही तयार केली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गावातल्या वाचनालयाचा पैसा कसा उभा राहत असे, तेही ऐका. गावकऱ्यांनी वर्षाला शंभर रुपयांपर्यंत रक्कम जमवली, तर तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार देई. एक तृतीयांश लोकांचे, एक तृतीयांश स्थानिक संस्थेचे, एक तृतीयांश दरबारचे. लोकांचा वाटा आला नाही तर बाकीचे दोन वाटे येत नसत. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही आणि वरून लादलेली गोष्ट टिकत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

जिथे वाचनालय नव्हते तिथे फिरती वाचनालये जात. पंधरा ते तीस पुस्तकांच्या मजबूत लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात, आणि ने-आणीचा खर्च खाते सोशी. वाचकाने पुस्तकाकडे जावे अशी अपेक्षा न धरता पुस्तकच वाचकाकडे गेले. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठीही त्याच खात्याची वेगळी शाखा होती. चित्रे, काचेच्या पट्ट्या आणि पुढे चलच्चित्रे दाखवून ती शाखा लोकांना जगाची ओळख करून देत असे. निरक्षर आहे म्हणून त्याला दारातून परत पाठवले नाही.

आणखी एक गोष्ट. दरबारने खाते काढण्यापूर्वीच मोतीभाई अमीन नावाच्या शिक्षकाने मित्रमंडळाच्या नावाने गावोगाव छोटी वाचनालये उघडायला सुरुवात केली होती. आज त्यांना गुजरातच्या ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणतात. पुढे सरकारी खात्याने त्यांची मदत घेतली. म्हणजे आधी काही शिक्षक आणि तरुण उठले, मग दरबार मागे उभा राहिला. ‘मंडळ’ या शब्दात केवढी ताकद असते, याचा हा आपल्याच भूमीतला दाखला आहे.

आता अलीकडची दोन उदाहरणे. पहिले महाराष्ट्रातले. १९९८ साली कोल्हापूर-सांगली भागात वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आधाराने सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेती, आरोग्य, शिक्षण, सगळ्याची माहिती गावात मिळावी अशी मोठी स्वप्ने होती. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रात येत ते मुख्यतः उसाच्या कामासाठी, म्हणजे उसाची नोंद, वजन, बिल किती झाले हे पाहायला. काही वर्षांनी काही गावांत हेच काम मोबाइलवरच्या साध्या संदेशाने करून पाहिले, तर तेही चालले. धडा सरळ आहे. माणूस संगणक शिकायला येत नाही, तो आपल्या उसाचे वजन पाहायला येतो, आणि ते पाहता पाहता शिकतो. आपल्या भागातला ‘ऊस’ कोणता, ते आपण आधी शोधले पाहिजे.

दुसरे उदाहरण केरळचे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा या ग्रामपंचायतीने गावातल्या प्रत्येकाला फोनवरची मूलभूत कामे शिकवायचे ठरवले आणि २०२२ मध्ये ती पूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली. रोजगार हमीच्या कामावरच्या बायांना खात्यात मजुरी जमा झाली की नाही हे पाहायला बँकेत जावे लागे आणि तेवढा दिवस बुडे, त्यातून हे काम सुरू झाले. पुढे राज्यभर सुमारे बावीस लाख लोक शोधून त्यांना शिकवण्यात आले, आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळने पूर्ण डिजिटल साक्षरतेची घोषणा केली. शिकवणारे कोण होते? कॉलेजची मुले, कुडुंबश्रीच्या महिला, शेजारीपाजारी. वर्गखोलीत बोलावून नव्हे, घरी, अंगणात, कामाच्या जागी जाऊन शिकवले. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेले आजोबाही होते. तेव्हा “या वयात आता काय” असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये.

आता आपल्या प्रतापनगरकडे येतो. हा रेल्वेचा भाग. गायकवाडांच्या संस्थानात १८६२ सालीच डभोई-मियागाम अरुंद रुळांवर बैलांनी ओढलेली गाडी धावली. १९१९ साली प्रतापनगरला रेल्वेचा कारखाना उभा राहिला. विभागीय रेल्वे व्यवस्थापकांची कचेरी येथेच आहे, आणि १७ जानेवारी २०२१ पासून केवडियाची गाडीही येथून सुटते. इथे राहणाऱ्या कितीतरी घरांची भाकरी रेल्वेने दिली. त्यामुळे आपल्या भागातला ‘ऊस’ कोणता, याचे उत्तर अवघड नाही. ते आहे पेन्शन.

दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन, रांगेत उभे राहून सही करावी लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली. आधी त्याला अंगठ्याचे यंत्र लागे, आणि वयाबरोबर बोटांचे ठसे पुसट होतात, त्यामुळे अनेकांची पंचाईत होई. २०२१ पासून साध्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवून हा दाखला देता येतो. त्यासाठी जीवन प्रमाणचे आणि आधारच्या चेहरा-ओळखीचे अशी दोन अधिकृत ॲप, आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि आधारशी जोडलेला मोबाइल, एवढे हवे. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिधारकांना हे काम १ ऑक्टोबरपासूनच करता येते. खासगी कारखान्यांतून निवृत्त होऊन ईपीएस-९५ चे पेन्शन घेणाऱ्यांना तर नोव्हेंबरचीही अट नाही. वर्षात केव्हाही दाखला द्यावा, तो तिथून एक वर्ष चालतो. जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्यासाठी पोस्टमन घरी येऊन हे काम करून देतो. ही माहिती कागदावर सगळीकडे आहे. ती शेजारच्या ब्लॉकमधल्या आजींपर्यंत पोचलेली नाही.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी. बाप्पाचे विसर्जन झाले की आपण दमून घरी बसतो. या वर्षी बसू नये. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारपासून मंडळाच्या खोलीत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, दोन तासांची बैठक सुरू करावी. तिला वर्ग म्हणू नये. वर्ग म्हटला की परीक्षा आठवते. कट्टा म्हणावे. मध्ये नवरात्र आहे, दिवाळी आहे, हे मला कळते. तरीही नोव्हेंबरपर्यंत ज्याला हवे त्या प्रत्येक निवृत्ताने आपला हयातीचा दाखला स्वतःच्या हाताने दिलेला असावा, एवढे एकच उद्दिष्ट ठेवावे. एक काम नीट जमले की दुसरे माणूस आपण होऊन विचारतो.

या कट्ट्याचे काही नियम मी सुचवतो.

पहिला नियम, फोन शिकणाऱ्याच्या हातातून काढून घ्यायचा नाही. हा सगळ्यांत कठीण नियम आहे, विशेषतः तरुणांसाठी. “द्या आजोबा, मी करतो,” असे म्हणून नातू अर्ध्या मिनिटात काम उरकतो आणि आजोबा होते तिथेच राहतात. कारखान्यात काम केलेल्यांना ठाऊक आहे की लेथ नुसता पाहून कोणी शिकत नाही. उस्ताद हत्यार हातात देतो आणि मागे उभा राहतो. तसेच इथे. बोट आजोबांचे, वेळ नातवाचा.

दुसरा नियम, एका वेळी एकच काम, आणि तेही शिकणाऱ्याने सांगितलेले. कोणाला नातीशी व्हिडिओवर बोलायचे असेल, कोणाला वीजबिल भरायचे असेल, कोणाला कीर्तन ऐकायचे असेल. तिथून सुरुवात करावी. पाटीवर पहिली अक्षरे गिरवण्याला आपण श्रीगणेशा म्हणतो. प्रत्येकाचा श्रीगणेशा वेगळा असू द्यावा.

तिसरा नियम, वही. पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, शिकणाऱ्याने स्वतः लिहायच्या. “हिरव्या चित्रावर दाबा, मग खाली उजवीकडचा बाण.” आपल्या पिढीला लिहिलेले लक्षात राहते. मात्र पिन आणि पासवर्ड त्या वहीत लिहायचे नाहीत.

चौथा नियम भाषेचा. बडोद्यातला मराठी माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात गुजराती, आणि कचेरीत जे लागेल ते. पण आपल्या अनेक ज्येष्ठांची वाचायची सवय मराठीचीच आहे, आणि त्यांच्या हातातला फोन मात्र इंग्रजीत बोलतो. फोनची भाषा मराठी करता येते, ही गोष्ट कितीतरी जणांना कोणी सांगितलेलीच नाही. भीम, गुगल पे यांसारखी ॲपही मराठीत आणि गुजरातीत चालतात. अक्षरे मोठी करता येतात. टंकन जमत नसेल तर बोलून मराठीत लिहिता येते. भाषा बदलल्यावर अर्धी भीती जाते. राज्यकारभाराचे शब्द लोकांना समजावेत म्हणून सयाजीरावांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांचा शब्दकोश सिद्ध करवला होता. त्यात गुजराती होती, तशी मराठीही होती. ओटीपी, केवायसी, नॉमिनी, लिंक, क्यूआर यांचे अर्थ चार-चार ओळींत सांगणारे एक पान आपण या स्मरणिकेत छापले, तर ते त्याच परंपरेतले काम होईल.

पाचवा नियम, कट्ट्यावर कोणी कोणाचा पिन किंवा ओटीपी विचारणार नाही, आणि कोणी सांगणारही नाही. शिकवणाऱ्याने तो भरण्याच्या वेळी मान वळवावी. विश्वासाच्या जागीच ही सवय लागली, तर ती बाहेर टिकेल.

इथे फसवणुकीबद्दल बोलले पाहिजे, कारण फोनपासून दूर राहण्याचे खरे कारण अनेकांच्या मनात हेच असते. भीती खोटी नाही. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचे सांगून कॅमेऱ्यापुढे तासन्‌तास बसवून ठेवायचे आणि पैसे वळते करून घ्यायचे, या प्रकाराला डिजिटल अटक म्हणतात. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये याच विषयावर सांगितले होते की थांबा, विचार करा, मग पाऊल उचला. निवृत्तांना तर हयातीचा दाखला करून देतो म्हणून फोन येतात आणि ओटीपी मागितला जातो. खरे कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही.

तीन गोष्टी सर्वांनी पाठ कराव्यात. एक, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. दोन, कोणाच्याही सांगण्यावरून फोनमध्ये नवे ॲप घालायचे नाही. तीन, फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि बँकेला कळवायचे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी अडवता आले तर आले, म्हणून पहिला तास मोलाचा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेला नियमही वेळेचाच आहे. खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर भार खातेदारावर पडत नाही. पिन स्वतःच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे. म्हणजे दोन्हीकडून, लवकर सांगणे हाच उपाय.

पण फसलेला माणूस लवकर सांगत नाही. त्याला लाज वाटते. मुले रागावतील, सून काय म्हणेल, लोक हसतील. त्या लाजेतच मोलाचा तास निघून जातो. इथे यंत्राचे ज्ञान पुरत नाही, माणसे लागतात. “काका, असे अनेकांचे होते, चला आधी फोन लावू,” असे म्हणणारा कोणीतरी हाकेच्या अंतरावर असायला हवा. हे काम सरकारी हेल्पलाइन करू शकत नाही, बँक करू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची माणसे असलेले मंडळच करू शकते.

आपल्या बाप्पाची एक कथा सगळ्यांना माहीत आहे. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे ठरले. गणपतीने अट घातली की सांगताना थांबायचे नाही. व्यासांनीही अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. बुद्धीची देवता, तिलासुद्धा समजून घेतल्याशिवाय लेखणी चालवायची नाही असे बंधन! फोनच्या पडद्यावर काही आले की आपणही हीच अट पाळावी. अर्थ समजल्याशिवाय बटण दाबू नये, आणि समोरचा घाई करू लागला की अधिकच थांबावे.

आता साधनांचे आणि पैशाचे. खोली आपल्याकडे आहे. एक वायफाय, एक वापरलेला पण चांगला लॅपटॉप, एक प्रिंटर, एवढ्याने सुरुवात होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात छोटे दुकानदार किंवा संस्था परवान्याशिवाय सार्वजनिक वायफायची जागा चालवू शकतात. तिचाही विचार कार्यकारिणीने करावा. खर्चासाठी मला तोच जुना बडोदे संस्थानचा हिशेब आवडतो, तीन वाटे. एक वाटा मंडळाने सजावटीच्या खर्चातून काढावा. एक वाटा सुस्थितीतल्या सभासदांनी आणि स्मरणिकेच्या जाहिरातदारांनी उचलावा. तिसरा वाटा शिकणाऱ्याचा. तो पैशाचा नसेल, तर कामाचा असावा. जो एक काम शिकला त्याने ते दुसऱ्या एकाला शिकवायचे. सत्तर वर्षांच्या काकूंनी अडुसष्ट वर्षांच्या काकूंना शिकवलेले जितके लवकर कळते, तितके विशीतल्या मुलाने शिकवलेले कळत नाही.

आणि दार सगळ्यांना उघडे असावे. मंडळ मराठी आहे, पण पुस्तकांची पेटी गावात गेली तेव्हा तिने वाचकाची जात किंवा भाषा विचारली नव्हती. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांना रविवारी त्याच कट्ट्यावर, त्याच खुर्चीवर बसवून शिकवले पाहिजे. गुजराती शेजाऱ्यांनी दिलेल्या जिव्हाळ्यावर आपण इतक्या पिढ्या इथे नांदलो. त्या ऋणाची ही छोटीशी परतफेड.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. सगळ्यांनी सगळे शिकलेच पाहिजे, असा आग्रह मी धरत नाही. कोणाची दृष्टी गेली आहे, कोणाचा हात थरथरतो, कोणाची इच्छाच नाही. त्यांच्यासाठी बँकेची, पोस्टाची, तिकिटाची खिडकी उघडी राहिली पाहिजे, आणि ती बंद होऊ लागली तर मंडळाने लेखी अर्ज करून, चार माणसे घेऊन जाऊन ती उघडी ठेवायला सांगितले पाहिजे. शिकवणे आणि खिडकीसाठी भांडणे, ही दोन्ही कामे एकाच मंडळाची आहेत.

बडोद्याच्या मराठी माणसाला आपल्या भूतकाळाचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपापले शंभर रुपये जमवले नसते, तर गावातली वाचनालये उभी राहिली नसती. आज आपल्याकडून अपेक्षित आहेत आठवड्यातले दोन तास. ज्या तरुणांना ते देता येतील त्यांनी कार्यवाहांकडे नाव नोंदवावे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी तर संकोच न करता आजच नोंदवावे. घरी जाताना शेजारच्या एखाद्या आजीआजोबांनाही विचारावे, की यंदा तुमच्या हयातीच्या दाखल्याचे कसे करणार आहात?



गणपती बाप्पा मोरया!